ईस्टरच्या उपासनेत टाळ कसा आला?

औंढा नागनाथची एक कथा मराठवाड्यात घरोघरी ठाऊक आहे. नामदेव देवळासमोर कीर्तन करीत होते. पुजाऱ्यांनी त्यांना उठविले. ते देवळामागे जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. कथा म्हणजे इतिहास नव्हे. परंतु देवासमोर कोणी आणि कोणत्या सुरात गावे, हा वाद किती जुना आहे हे तिच्यावरून कळते. परंपरेने नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नर्सीही याच हिंगोली जिल्ह्यात आहे.

काही शतकांनी हाच वाद मराठी ख्रिस्ती उपासनेत उभा राहिला.

अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) त्यांचे केंद्र सुरू झाले. त्यांनी आपली स्तोत्रे मराठीत आणली, पण चाली मूळच्याच ठेवल्या. येथेच गाडे अडले. इंग्रजी पद्य शब्दातील आघातावर चालते, तर मराठी पद्य अक्षरांच्या आणि मात्रांच्या हिशेबावर. चालीतील लांब सूर ऱ्हस्व अक्षरावर पडला की अर्थच बदलतो. पुनरुत्थानाचा ‘दिन’ गाताना ‘दीन’ झाला, तर आनंदाच्या सणाचे काय उरले?

खरे तर या अडचणीचे उत्तर सुमारे दोनशे वर्षांपूर्वीच सापडले होते. मूळच्या इंग्रज असलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ रचले ते थेट ओवीत. १६१६ मध्ये ते छापले गेले, तेही रोमन लिपीत! ख्रिस्ताचे मरण आणि पुनरुत्थान त्यात मराठी पुराणाच्या थाटात येते.

नगरकडे १८६० च्या दशकात ख्रिस्ती कीर्तन आकाराला आले. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या पदकर्त्यांनी बायबलमधील आख्याने कीर्तनाच्या घाटात बसविली. ज्या परंपरेच्या आरंभी वारकरी नामदेवांचे नाव घेतात, तीच आता चर्चमध्ये उभी राहिली.

तिला खरी उंची दिली ती रेव्हरंड ना. वा. टिळकांनी. १८६१ मध्ये कोकणात चित्पावन कुटुंबात जन्मलेल्या टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत घराला किती मोजावी लागली, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचावे. धर्म बदलला, पण अभंग सुटला नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची भावना होती. ख्रिस्ताची भक्ती करायची तर परक्या वेषात का, हा प्रश्न त्यांनी मिशनपुढे सतत ठेवला. १९१७ मधील ‘देवाचा दरबार’ हा त्याचाच पुढचा टप्पा.

आता घंटांकडे वळू. इंग्लंडमध्ये मनोऱ्यातील घंटांचे क्रम वाजविणे हे मोठे शास्त्र आहे. आठ घंटांचे ४०,३२० क्रम होतात! त्यांचा सराव घरात बसून करता यावा म्हणून सुरात जुळविलेल्या हातघंटा वापरात आल्या आणि पुढे त्यांवर स्तोत्रेही वाजू लागली. पुण्याच्या पंचहौद चर्चच्या मनोऱ्यात अशा पद्धतीने वाजविण्याच्या आठ घंटा आहेत. १८९० च्या गाजलेल्या चहा प्रकरणातले, लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांना प्रायश्चित्ताच्या वादात ओढणारे पंचहौद ते हेच.

हातघंटांच्या संचात एकेका वादकाकडे एकदोन स्वर असतात. एक जण गैरहजर राहिला तर चालीला भोक पडते. टाळाचे तसे नाही. काशाच्या दोन वाट्या आणि एक दोरी. दहा जण असोत वा शंभर, ठेका तोच. मनोरा आणि घंटासंच ज्यांना परवडणारे नव्हते, त्या खेड्यांतल्या मंडळ्यांना म्हणूनच तो सोयीचा ठरला.

उलट दिशेचा प्रवासही विसरू नये. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चमधील घंटा देवळांत गेल्या. नाशिकची प्रसिद्ध नारोशंकराची घंटा त्यांतलीच मानली जाते.

टिळक १९१९ मध्ये वारले. त्यांची पदे ‘उपासना संगीत’ या मराठी स्तोत्रसंग्रहात आहेत. त्याच संग्रहात पाश्चात्त्य चालींची स्तोत्रेही आहेत, आणि एकाच उपासनेत आधी ऑर्गन व मग तबला-टाळ असा क्रम मराठी मंडळ्यांना नवा नाही.