संशय, सवत आणि सहा बहिणी

दुसऱ्याच्या संसारातल्या संशयावर हसायला मराठी माणसाला फार पूर्वीपासून आवडतं. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ साली ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिलं. त्याचंच पुढे १९१६ साली ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं. मूळ कथा फ्रान्सची, मोलिएरची, इंग्रजीतून फिरत आलेली. पण फाल्गुनराव आणि कृत्तिका आपल्याला शेजारच्याच घरातले वाटतात. नवरा बायकोवर संशय घेतो, बायको नवऱ्यावर, आणि सगळा घोळ एका तसबिरीचा. प्रेक्षक पोट धरून हसतो, कारण आत कुठंतरी त्याला ठाऊक असतं की प्रत्यक्षात कुणाचंच पाऊल घसरलेलं नाही.

खरोखरच घसरलं, तर काय? तिथं आपली विनोदबुद्धी बराच काळ गप्प बसत आली.

१९८२ हे साल बघा. डॉ. जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ त्या वर्षीचा. त्यात स्मिता पाटीलची सुलभा कामासाठी घराबाहेर राहते, मागं नवरा दुसऱ्या बाईत गुंततो आणि सुलभा पुन्हा घर सोडून निघते. त्याच वर्षी महेश भट्ट यांच्या हिंदी ‘अर्थ’मध्ये हीच स्मिता ‘दुसरी बाई’ झाली. एकाच वर्षात एकीनंच दोन्ही बाजू भोगून दाखवल्या! ‘अर्थ’मध्ये आणखी एक मराठी अभिनेत्री होती, रोहिणी हट्टंगडी. तिनं घरकाम करणारी बाई केली होती. मुलीच्या शाळाप्रवेशासाठी साठवलेले पैसे नवरा दुसरीवर उडवतो आणि ही बाई त्याला मारून टाकते. सुशिक्षित नायिका विचार करत राहते, मोलकरीण निकाल लावते. हसण्याची सोय दोन्ही चित्रपटांत नव्हती आणि ते रास्तच होतं.

त्याच रोहिणीताई ४१ वर्षांनी, ३० जून २०२३ रोजी आलेल्या केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’त सहा बहिणींतली थोरली, जया, म्हणून दिसल्या. बरोबर वंदना गुप्ते, सुकन्या मोने, सुचित्रा बांदेकर, शिल्पा नवलकर आणि दीपा परब. लेखन वैशाली नाईक यांचं. एकमेकींपासून दुरावलेल्या बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात, एवढाच धागा. त्यांतल्या पल्लवीच्या, म्हणजे सुचित्रा बांदेकरच्या, संसारात दुसरी बाई आलेली आहे. पण चित्रपट तिच्या दुःखाभोवतीच घोटाळत बसत नाही. ते सहांतलं एक दुःख आहे. बाकीच्या पाचजणींची गाऱ्हाणीही तितक्याच जोरानं बोलतात. मला यातच खरी नवी गोष्ट दिसली.

‘हॅना अँड हर सिस्टर्स’ हा वुडी ॲलनचा १९८६चा चित्रपट इथं आठवतो. त्यातही बहिणी, त्यातही सणाच्या जेवणाला जमणारं कुटुंब. पण तिथं हॅनाचा नवरा गुंततो तो तिच्याच सख्ख्या बहिणीत. पुढं सगळं आपोआप निवळतं आणि बायकोला पत्ताच लागत नाही! नवऱ्याची भूमिका करणाऱ्या मायकेल केनला ऑस्कर मिळालं. चित्रपट सुरेख आहे, पण ते हसू मला नवऱ्याच्या सोयीचं वाटतं. आपल्याकडच्या बहिणींनी पल्लवीला निदान अंधारात ठेवलेलं नाही.

मंगळागौरीचं म्हणाल, तर ती आमच्या घरातली नव्हे. घाटकोपरला आमच्या चाळीत श्रावणातल्या मंगळवारी रात्री शेजारच्या वहिनी आम्हा मुलींना हाक मारायच्या. पूजेच्या वेळी आम्ही नसू, फुगडी आणि झिम्म्याला मात्र हक्कानं असू. खेळांच्या त्या गाण्यांत सासू येई, नणंद येई आणि सवतही येई. दिवसा जे बोलायची चोरी, ते रात्री टाळ्यांवर म्हणून टाकायचं. तेव्हा मुंबई इलाख्यात हिंदूंना दुसरी बायको करण्याची बंदी १९४६ सालीच झालेली होती, तरी गाण्यातली सवत गेली नव्हती. आमच्यात ती कायद्यानं आजही येऊ शकते. माझ्या एका खालेच्या घरी आली. खालाचा नवरा दोन्ही घरी सारखाच किराणा भरायचा आणि त्याला तो इन्साफ म्हणायचा. खाला आमच्याकडे येऊन हे सांगायची, आधी हसायची आणि मग चहा गार होईपर्यंत गप्प बसायची.

कायद्याचंही ऐका. व्यभिचाराच्या जुन्या ४९७ कलमात नवऱ्याला परपुरुषाविरुद्ध फिर्याद करता येत होती, बायकोला मात्र नवऱ्याविरुद्ध नाही. सर्वोच्च न्यायालयानं ते कलम २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं. म्हणजे एवढी वर्षं बायकोचं दुःख फिर्यादीच्या लायकीचंही धरलं नव्हतं. ते सांगायला तिला एक बहीण लागायची, नाहीतर शेजारीण.

म्हणून ‘बाईपण’च्या गर्दीचं मला नवल वाटलं नाही. समीक्षकांनी गोष्ट ढोबळ असल्याचं म्हटलं, आणि ती थोडी आहेच. सहा जणींचे प्रश्न तासा-दोन तासांत सोडवायचे तर काही गाठी घाईनं सुटणारच. पण कमाई ७५ कोटींच्या वर गेली आणि बायका नऊवारी नेसून, गॉगल लावून, घोळक्यानं आल्या. मुलुंडला मी आणि माझ्या दोघी बहिणी गेलो, तेव्हा मधल्या सुट्टीत चार रांगांत फुगड्या चालल्या होत्या. आपानं, म्हणजे आमच्या थोरलीनं, गुडघ्याच्या दुखण्याची सबब सांगितली. पण पल्लवीचा प्रसंग आला तशी तिनं माझा हात धरला, आणि खालेचं नाव आमच्यात कुणीच काढलं नाही.