अन्नपूर्णेच्या दारातील अवघड अतिथी

वाराणसीच्या अन्नपूर्णा मंदिरात दिवाळी विशेष थाटाने साजरी होते. धनत्रयोदशीला देवीची सुवर्णमूर्ती दर्शनासाठी खुली होते आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदेला अन्नकूट मांडला जातो. अन्नपूर्णेच्या नगरीत कोणी उपाशी निजत नाही, अशी या क्षेत्राची जुनी ख्याती आहे. असे असता स्कंदपुराणाच्या काशीखंडात एक कथा येते, जिच्यात प्रत्यक्ष महाभारतकार व्यासांना या नगरीत भिक्षेचा एक घासही मिळत नाही.

कथा थोडक्यात अशी. शिवाने व्यासांची परीक्षा पाहण्याचे ठरविले. शिष्यांसह दारोदार फिरूनही व्यासांना अन्न मिळाले नाही. दुसऱ्या दिवशीही तेच घडले. भुकेने आणि अपमानाने संतप्त होऊन त्यांनी काशीला शाप दिला, की येथे विद्या, धन आणि मुक्ती तीन पिढ्या टिकू नयेत. शाप देऊन ते परतत असता एका घराच्या दारातील गृहिणीने त्यांना जेवावयास बोलाविले. ती म्हणजे साक्षात जगन्माता. तिने त्यांना शिष्यपरिवारासह तृप्त केले आणि मग तीर्थवासीयाचा धर्म कोणता, असा साधा प्रश्न विचारला. व्यासांनी उत्तम उत्तर दिले. तेव्हा यजमानाच्या रूपातील शिवाने विचारले, की यांतला कोणता धर्म आपण पाळलात? क्रोधी माणसाला या क्षेत्रात स्थान नाही. आपण येथून जावे. पुष्कळ विनवणी केल्यावर एवढीच सवलत मिळाली, की अष्टमी आणि चतुर्दशी या तिथींना व्यासांनी काशीत यावे. एरवी त्यांचा निवास गंगेच्या पूर्वतीरी. रामनगरच्या बाजूला आजही व्यासकाशी दाखविली जाते.

केवळ क्षेत्रमाहात्म्य म्हणून वाचली तर या कथेचे मर्म हाती लागत नाही. अतिथी वंद्य आहे, पण पंगतीला दुःसह आहे. यजमानही निर्दोष नाही, कारण अतिथीची भूक त्यानेच घडवून आणलेली आहे. तरीही कथाकार एक गोष्ट कटाक्षाने सांभाळतो: अन्न नाकारले जात नाही. निवास नाकारला जातो, तोही ताट पूर्ण झाल्यावर. आतिथ्य आणि सहवास या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या पुराणकथेने जितक्या स्वच्छपणे जाणले आहे तितके नंतरच्या पुष्कळ वाङ्मयाने जाणलेले नाही.

व्यासांची ही अवस्था पाहिली, की त्यांच्या नावावर असलेल्या महाकाव्यातील पात्रे आठवू लागतात. २ ऑक्टोबर १९८८ पासून १९९० च्या जूनपर्यंत दर रविवारी सकाळी ‘महाभारत’ ही मालिका दूरदर्शनवर दाखविली जात होती, आणि तीतील भीम, कृष्ण, नारद ही मंडळी घराघरांत आप्तांसारखी वावरू लागली होती. परंतु यांपैकी कोणास आपण दिवाळीच्या फराळाला सुखाने बोलावू शकलो असतो? एकचक्रा नगरीत पांडव भिक्षेवर राहत असताना मिळालेल्या अन्नाचा अर्धा वाटा एकट्या भीमाला जाई आणि उरलेल्या अर्ध्यात कुंती व चौघे भाऊ जेवीत. नारदाची कळ लावण्याची ख्याती तर आपल्या भाषेत म्हणीसारखी रुजली आहे. कृष्णाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. शिष्टाईसाठी हस्तिनापुरास आला असता त्याने दुर्योधनाचे भोजनाचे निमंत्रण सरळ नाकारले. परान्न प्रीतीने घ्यावे किंवा आपत्तीत घ्यावे. येथे प्रीती नाही आणि मी आपत्तीतही नाही, असे त्याचे म्हणणे. मग तो विदुराकडे जेवला. यजमानाच्या तोंडावर इतके खरे बोलणारा पाहुणा ग्रंथात शोभतो; घरात तो किती जणांना पेलेल?

दुर्वासाच्या कथेत तर दोन अवघड अतिथी एकाच वेळी उपस्थित होतात. सूर्याने दिलेले अक्षय पात्र द्रौपदीचे जेवण होईपर्यंतच अन्न पुरवीत असे. ती जेवून उठल्यावर दहा हजार शिष्यांसह दुर्वास आले आणि नदीवर स्नानाला गेले. द्रौपदीने कृष्णाचा धावा केला. तो आला, आणि येताच त्यानेही खावयास मागितले. संकटात सापडलेल्या गृहिणीला याहून क्रूर वाटावे असे काय असेल? पण पात्राच्या काठाला चिकटलेले भाजीचे पान त्याने मुखी घातले आणि नदीवरचे सारे शिष्य ढेकर देत पळाले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने ही कथा मूळ संहितेबाहेर ठेवली आहे. याचा अर्थ असा, की मागाहूनच्या पिढ्यांना हा पाहुणा ग्रंथात हवा होता. रित्या भांड्यापुढे उभा राहिलेला अतिथी हे गृहस्थाश्रमाचे सनातन भय आहे. त्या भयाला लोकमानसाने गोष्टीचे रूप दिले.

या सर्व कथांत परीक्षा यजमानाची असते आणि अतिथी कोण, हे आधीच ठरलेले असते. मराठीत हा दुसरा भाग प्रश्नांकित झाला तो एकनाथांपाशी. पैठणला श्राद्धासाठी शिजविलेल्या अन्नाचा वास घेत अंत्यज कुटुंब दारावरून गेले, तेव्हा नाथांनी ते अन्न त्यांनाच वाढले, अशी आख्यायिका आहे. निमंत्रित ब्राह्मण रागावून गेले. येथे पंगत बिघडविणारे पाहुणे निमंत्रित आहेत, आणि खरे अतिथी बोलावलेलेच नव्हते. याच नाथांनी आपले ‘एकनाथी भागवत’ शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, वाराणसीतच पूर्ण केले. संस्कृत विद्येच्या माहेरघरी मराठी ग्रंथ घेऊन बसलेला हा पैठणकर तेथील पंडितांना अवघड पाहुणाच वाटला असावा. त्यांनी जाब विचारला आणि अखेर ग्रंथाचा गौरव केला, असे चरित्रकथा सांगतात. कथेतील तपशील बाजूला ठेवला तरी ग्रंथाचे स्थळ आणि काळ ग्रंथातच नोंदलेले आहेत. काशीने त्या पाहुण्याला ग्रंथ पुरा होईपर्यंत राहू दिले, एवढे निश्चित.

विसाव्या शतकात अवघड पाहुण्याचा कोप ओसरला आणि त्याची जागा हास्याने घेतली. बडोद्याचे पालीचे अभ्यासक चिं. वि. जोशी यांनी निर्माण केलेले चिमणराव आणि गुंड्याभाऊ शाप देत नाहीत; ते केवळ येतात, आणि त्यांच्यामागून घोटाळा येतो. मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी साकारली, तेव्हा ती महाराष्ट्राची लाडकी झाली. येथे परीक्षा यजमानाची उरत नाही. पाहुणा स्वतःचीच फजिती करून घेतो, आणि आपण दिवाणखान्यात बसून हसतो.

या हसण्याची किंमत मात्र तपासून पाहावयास हवी. पडद्यावरचा पाहुणा घरात येतो, पण ताट मागत नाही. ठरल्या वेळी येतो, ठरल्या वेळी जातो. भीमाची भूक, कृष्णाची स्पष्टोक्ती, चिमणरावांचा गोंधळ यांवर आपण निर्धास्तपणे प्रेम करतो, कारण त्यांतले काहीही आपल्याला सोसावे लागत नाही. असे प्रेम खोटे नव्हे. सर्व वाङ्मयप्रेमात त्याचा अंश असतोच. परंतु त्या प्रेमाने दाराशी आलेल्या माणसाचे ऋण फिटत नाही. घरातला तापट काका, तेच ते सांगणारे आजोबा, नको तो प्रश्न विचारणारी आत्या ही माणसे कथेत असती तर आपण त्यांना डोक्यावर घेतले असते. पंगतीत ती आपल्या शेजारी बसतात, म्हणून आपल्याला त्यांचा कंटाळा येतो.

काशीखंडाने यावर सुचविलेला मार्ग मला मोठा समंजस वाटतो. त्यात अतिथीचा क्रोध झाकलेला नाही, आणि त्याच्यासाठी दारही कायमचे लावलेले नाही. आधी त्याला पोटभर वाढले, मग त्याचा दोष त्याला सांगितला, आणि अष्टमी-चतुर्दशीला येण्याची वाट मोकळी ठेवली. पैलतीरावरून काशीचे घाट दिसतात. त्या तिथींना व्यास नदी ओलांडून येतात, अशी श्रद्धा आहे, आणि त्यांच्यासाठी अन्नपूर्णेचे दार उघडे असते.