चुलीतल्या राखेचा इतिहास आणि घरातली फुलझाडं



खिडकीतल्या झाडाला कळ्या आल्या की दुकानदार हातात ‘फुलांसाठी ऑरगॅनिक’ अशी पिशवी ठेवतो. पिशवी उलटून बारीक अक्षरं वाचा. पुष्कळदा त्यात हाडांचा चुरा असतो, कधी वाळवलेलं रक्त, कधी मासळीचं खत. कायद्यानं ते ऑरगॅनिकच आहे, पण आपल्या घरात कसं चालेल? शिवाय हाडांच्या चुऱ्यात मुख्यतः फॉस्फरस. फुलोऱ्याच्या वेळी लागणारं पोटॅश त्यात जवळजवळ नसतंच. पोटॅशमुळे पानांतली साखर कळ्यांपर्यंत पोचते आणि झाडातलं पाणी नीट सांभाळलं जातं.

हे पोटॅश मुळात आलं कुठून? राखेतून. आपल्या आयुर्वेदातला जवखार म्हणजे जवाचं झाड जाळून त्याच्या राखेतून काढलेला क्षार. चरक-सुश्रुतांनाही तो ठाऊक होता. युरोपात लाकडाची राख पाण्यात भिजवून, ते पाणी गाळून मोठ्या भांड्यात आटवत. ‘पॉट’ म्हणजे भांडं आणि ‘अॅश’ म्हणजे राख, म्हणून पोटॅश. ते साबणाला लागे, काचेला लागे. अमेरिकेचं पहिलं पेटंट 31 जुलै 1790 रोजी सॅम्युअल हॉपकिन्सला मिळालं, तेही पोटॅश करण्याच्या कृतीसाठीच! 1807 मध्ये हम्फ्री डेव्हीनं त्यातून पोटॅशियम धातू वेगळा केला. 1861 मध्ये जर्मनीत स्टासफुर्टला खाणीतल्या क्षारांपासून पोटॅश करणारा पहिला कारखाना निघाला आणि राखेचा धंदा मागे पडला. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद झाला, तेव्हा अमेरिकेत भाव भडकले. एकाच दुकानावर अवलंबून राहिलं की असं होतं, हे कॉमर्सवालीला वेगळं सांगावं लागत नाही.

आपल्या देशातही पोटॅश बहुतेक बाहेरूनच येतं. साखर कारखान्यांच्या मळीपासून मात्र इथेच एक पोटॅश खत बनतं. 2021 मध्ये त्याला सरकारी अनुदानही मिळालं. त्यावर 14.5 टक्के लिहिलेलं असतं. तो आकडा ऑक्साइडच्या हिशोबानं असतो, प्रत्यक्ष पोटॅशियम सुमारे 12 टक्केच.

आपल्या आज्या भांडी घासून उरलेली राख दुधीच्या, केळीच्या बुडाशी टाकत. मुनींच्या केशलोचात लागणारी तीही राखच. घरातल्या कुंडीला मात्र बेतानं द्या. आठ इंची कुंडीला महिन्यातून एकदा सपाट छोटा चमचा पुरे, मातीत नीट मिसळून. राख स्वच्छ लाकडाची किंवा गोवरीची हवी, दगडी कोळशाची नको. आणि ती पावसात भिजलेली नको, कारण पोटॅश पाण्याबरोबर निघून जातं (युरोपात ते काढण्याची युक्ती हीच!). राखेनं माती अल्कधर्मी होते, त्यामुळे अँथुरियम, आफ्रिकन व्हायोलेट यांना ती देऊ नका.

त्यांच्यासाठी केळ्याची सालं. पण ती पाण्यात भिजत ठेवण्याची जी पद्धत सगळीकडे सांगतात, ती मला पटत नाही. दोन दिवसांत चिलटं येतात, जीवोत्पत्ती होते. त्यापेक्षा सालं त्याच दिवशी बारीक चिरून जाळीखाली कडक उन्हात वाळवा, मिक्सरवर पूड करा आणि कोरड्या बरणीत भरा. कळ्या दिसू लागल्या की अर्धा चमचा मातीत मिसळा, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. पावसाळ्यात सालं वाळत नाहीत, म्हणून वर्षाची पूड उन्हाळ्यातच, पापडांच्या बरोबरीनं करून ठेवावी.