कायरोप्रॅक्टिक : कण्यावरील हस्तोपचार

पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. लचक चोळून देणारे, हाड बसवणारे जाणकारही गावोगाव असत. हातांनी दुखणे उतरवण्याच्या अशाच प्रयत्नांतून अमेरिकेत कायरोप्रॅक्टिक ही पद्धती उभी राहिली. डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट येथे तिचा पाया घातला. ‘हात’ आणि ‘कृती’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव पडले. बहुतेक रोगांचे मूळ मणक्यांत असते, हे पामर यांचे मत शास्त्रीय कसोटीवर टिकले नाही. पाठ आणि मानेच्या दुखण्यापुरते मात्र या उपचाराला स्थान मिळाले.

पाठीवर चालणारा संसार

२०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे डोंगराळ, आदिवासीबहुल तालुके आहेत. पावसाळ्यात भात, नागली आणि वरईची लावणी दिवसभर कमरेत वाकून करावी लागते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. भरपूर पाऊस पडूनही उन्हाळ्यात विहिरी आटतात आणि स्त्रियांना डोक्यावर हंडे घेऊन चढउतार करावी लागते. १५ लिटरच्या हंड्यात पाण्याचेच वजन १५ किलो असते. अशा घरात पाठ धरली की रोजगार बुडतो. त्यामुळे कण्यावरील उपचारात काय घ्यावे आणि काय टाळावे, हा प्रश्न येथे केवळ शहरी कुतूहलाचा राहत नाही.

आधी तपासणी, मग हात

कुशल कायरोप्रॅक्टरच्या कामाची सुरुवात प्रश्नांनी होते. दुखणे कधी सुरू झाले, कोणत्या हालचालीने वाढते, पायात मुंग्या येतात का, रुग्ण कोणते काम करतो, हे तो विचारतो. त्यानंतर स्नायूंची ताकद, संवेदना आणि सांध्यांची हालचाल तपासली जाते. हस्तोपचार योग्य वाटल्यास सांध्याला नेमका, जलद आणि मोजका दाब दिला जातो. त्या वेळी येणारा ‘कट्’ असा आवाज सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण झाल्याने होतो. हाड जागेवर बसल्याची ती खूण नव्हे.

बरे होण्याचा मोठा भाग त्यानंतरचा असतो. कमरेचे साधे दुखणे बहुतेकांना काही आठवड्यांत उतरते. दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहण्यापेक्षा झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवणे हिताचे ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. संघटनेने २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत व्यायाम, रुग्णशिक्षण आणि मणक्यांवरील हस्तोपचार यांचा समावेश आहे. कंबरपट्ट्याचा सरसकट वापर मात्र त्यांत सुचवलेला नाही. ओझे अंगाजवळ धरून गुडघ्यांतून उचलणे, ओझ्यासह कंबर न पिळणे आणि वाकून काम करताना मधूनमधून सरळ उभे राहणे, या सवयींसाठी पैसा लागत नाही.

कधी हात लावू नये

ताप, घटणारे वजन, रात्रीही न थांबणारे दुखणे किंवा पाठीला येऊ लागलेले कुबड ही मणक्याच्या क्षयरोगाची लक्षणे असू शकतात. अशा पाठीवर दाब दिल्यास पोखरलेला मणका खचून मज्जारज्जूला इजा होण्याचा धोका असतो. पायांतील बळ जाणे, लघवी वा शौचावरील ताबा सुटणे, जांघेत बधिरता येणे, तसेच पडल्यानंतर सुरू झालेले तीव्र दुखणे यांतही तातडीने रुग्णालय गाठावे. मानेला झटका दिल्याने रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची प्रकरणे विरळ असली, तरी नोंदलेली आहेत.

कोणाकडे जावे

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये पूर्णवेळ कायरोप्रॅक्टिक शिक्षणासाठी किमान ४,२०० तासांची अपेक्षा मांडली. भारतात या पद्धतीसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यामुळे उपचारकाची पदवी आणि प्रशिक्षण विचारून घेणे ही रुग्णाची जबाबदारी ठरते. प्रशिक्षित कायरोप्रॅक्टर प्रामुख्याने मोठ्या शहरांतच भेटतात. जव्हार-मोखाड्यातील रुग्णाला आधी जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय किंवा मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय गाठून दुखण्याचे कारण तपासून घेता येते. क्षयरोग निघाल्यास शासकीय कार्यक्रमात औषधे मोफत मिळतात. कारण साधे असेल, तर भौतिकोपचार तज्ज्ञाने शिकवलेला व्यायाम घरीही करता येतो.

उपचाराचे यश आवाजावरून किंवा क्षणिक आरामावरून ठरत नाही. रुग्ण पुन्हा आपल्या कामाला लागला का आणि तेच दुखणे परतू नये म्हणून काय करावे हे त्याला कळले का, यावर ते ठरते. कायरोप्रॅक्टर असो वा गावचा जाणकार, कण्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाला ही कसोटी सारखीच लागू पडते.