मागे उरणाऱ्या फ्रेम्स

जुन्या विंडोजमध्ये एखादा प्रोग्रॅम हँग झाला आणि त्याची विंडो माउसने ओढली, की मागे तिच्याच प्रतींची रांग उरायची. आठवतंय? माणसाच्या नजरेचंही असं होऊ शकतं, हे मला १९९९ सालच्या एका वैद्यकीय निबंधातून कळलं.

जोनाथन हॉर्टन आणि जोनाथन ट्रोब या अमेरिकी डॉक्टरांनी त्यात दोन रुग्णांची हकीकत नोंदवली आहे. एक ४७ वर्षांचा पुरुष, एक ४८ वर्षांची स्त्री. दोघंही नैराश्यावर नेफॅझोडोन घेत होते. दोघांनाही हलणाऱ्या वस्तूमागे तिच्याच प्रतिमांचं शेपूट दिसायचं. स्थिर वस्तू मात्र नेहमीसारख्याच दिसत.

यासारखी गोष्ट आधी वेगळ्या वाटेने समोर आली होती. १९८३ मध्ये म्युनिकच्या योसेफ झील आणि सहकाऱ्यांनी मेंदूला इजा झालेल्या एका बाईची नोंद प्रसिद्ध केली. कपात ओतलेला चहा तिला गोठल्यासारखा दिसे, त्यामुळे कप कधी भरला हे कळत नसे. गती टिपणारा मेंदूचा भागच निकामी झाला होता, आणि तिची नजर पूर्ववत झाली नाही. १९९९ च्या दोघांचं तसं नव्हतं. गोळीचा डोस कमी केल्यावर किंवा ती बंद केल्यावर नजर पुन्हा पहिल्यासारखी झाली. म्हणजे हार्डवेअर शाबूत होतं.

असं दिसणं फार दुर्मीळ, पण एकमेव नाही. नेफॅझोडोनचंच भावंड असलेल्या ट्रॅझोडोनमुळे वस्तू नजरेआड झाल्यावरही तिची प्रतिमा दिसत राहिल्याची नोंद १९९० मध्ये झाली होती.

गंमत म्हणजे नैराश्यावरची औषधंच मुळात एका साइड इफेक्टमधून जन्मली. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना आयप्रोनियाझिड दिलं, तेव्हा ते अनपेक्षितपणे उत्साही झाले. कुणीतरी ते लक्षपूर्वक पाहिलं. पुढे यकृताला अपाय होतो म्हणून ते औषध मागे पडलं, आणि २००४ मध्ये नेफॅझोडोनच्या मूळ कंपनीनेही त्याच कारणाच्या सावटाखाली अमेरिकेत विक्री थांबवली.

आमच्या धंद्यात 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणून बग बंद करण्याची खोड आहे. नैराश्याच्या रुग्णाची तक्रार तर आणखी सहज बंद होते: 'मनाचे खेळ आहेत'. तो स्वतःही गप्प बसतो, कारण 'मला माणसांमागे माणसं दिसतात' हे सांगितलं तर वेड लागलंय म्हणतील. त्या दोघांनी ते सांगितलं, डॉक्टरांनी ते गोळीशी जोडून पाहिलं, म्हणून उपाय सापडला.

तुम्हाला असं काही दिसलं, तर गोळी स्वतःहून बंद करू नका. अचानक थांबवण्याचे त्रास वेगळे असतात. जे दिसतंय ते कधीपासून, कोणत्या डोसनंतर, हे लिहून डॉक्टरांसमोर ठेवा. कितीही विचित्र वाटलं तरी.