ताडोबा सफारी: स्वतंत्र जिप्सी की छोटा ग्रुप?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात सफारीच्या जिप्सीत ६ पर्यटक बसतात, शिवाय गाईड आणि चालक. शुल्क मात्र पूर्ण गाडीमागे असतं. म्हणजे दोघंच गेले तरी खर्च सहा जणांचा. खरी मेख इथेच आहे. छोट्या ग्रुपबरोबर गेलं की हा खर्च वाटला जातो. बुकिंग, ओळखपत्रांची नोंद, मुक्काम ही धावपळही आयोजक करतो.

त्या बदल्यात आपली मर्जी सोडावी लागते. एखाद्याला पाणवठ्यावर तासभर थांबायचं असतं, दुसऱ्याला पुढे जायची घाई. मोठ्या लेन्सवाले आणि लहान मुलं एकाच गाडीत असली तर विचारूच नका!

म्हणून पैसे भरण्याआधी विचारून घ्यावं: एका जिप्सीत चार जण की सहा? गेट कोणतं? सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, सफारी कोअरमध्ये की बफरमध्ये? ‘ताडोबात चार सफारी’ या जाहिरातीत बफरच्या फेऱ्याही धरलेल्या असू शकतात. वाघ बफरमध्येही दिसतो, पण ठरवून गेलेलं बरं. कोअर दर मंगळवारी बंद असतो, पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबरही. प्रवेशाच्या वेळी मूळ ओळखपत्र जवळ हवं, आणि कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही.