शंकू, साखळी आणि करमाळ्याची काळी

जगाच्या इतिहासाला वळण देणाऱ्या इंग्रजी भाषिक पुरुषांची गणना करू लागले, म्हणजे न्यूटन, डार्विन, लिंकन ही नावे आपल्याकडे सहज ओठांवर येतात, आणि राज्यकर्त्यांचा विषय निघाला तर एल्फिन्स्टन, बेंटिंक, कर्झन ह्यांची. परंतु भीमा आणि सीना ह्या दोन नद्यांच्या मध्ये पसरलेल्या करमाळे तालुक्यातील कुणब्याच्या संसारावर ज्यांच्या निर्णयांची छाया सर्वांत दीर्घकाळ राहिली, त्या हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड आणि जॉर्ज विंगेट ह्या दोन पुरुषांचे नाव त्या तालुक्यात आज क्वचितच कोणाच्या कानावर पडले असेल. पहिला मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतला, दुसरा लष्कराच्या इंजिनिअर पथकातला लेफ्टनंट. आणि ज्या कामाने त्यांनी पश्चिम हिंदुस्थानच्या शेतीचा पाया नव्याने घातला, ते हाती घेतले तेव्हा दोघेही पंचविशीच्या आतबाहेरचे होते.

हे काम का निघाले, ते समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. हा मुलूख निजामशाहीचा. मलिक अंबरची धारेबंदी येथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात पिढ्यानुपिढ्या टिकून होती. पुढे करमाळे हे हैदराबादच्या निजामाच्या पदरी असलेल्या रावरंभा निंबाळकरांच्या जहागिरीचे ठाणे झाले. तेथला किल्ला आणि कमलाभवानीचे देवालय त्याच वैभवाची साक्ष देतात. जमिनीची मोजणी बिघा आणि चाहुरांनी होई, पण एका गावचा बिघा दुसऱ्या गावच्या बिघ्याशी जुळेलच, असा नेम नव्हता. कोणाकडे किती काळी आणि तिच्यावर किती सारा, ह्याचे खरे ज्ञान कुलकर्ण्याच्या दफ्तरात आणि पाटलाच्या स्मरणात असे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत मामलती मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या, तेव्हा ह्या ज्ञानाचा उपयोग रयतेच्या रक्षणापेक्षा तिच्या पिळवणुकीकडेच अधिक झाला.

इंग्रजी अंमल आल्यावर साऱ्याची नवी आकारणी करण्याचा पहिला प्रयत्न केला रॉबर्ट कीथ प्रिंगल ह्या अधिकाऱ्याने. हेलीबरीच्या ज्या विद्यालयात माल्थस अर्थशास्त्र शिकवीत असे, तेथे तो शिकलेला. आणि भूमीच्या भाड्याविषयीचा इंग्लंडमधला नवा सिद्धान्त त्याने भीमेच्या खोऱ्यात जसाच्या तसा उतरविण्याचे ठरविले. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न काढावयाचे, त्यातून मशागतीचा खर्च वजा करावयाचा, आणि जे निव्वळ उरेल त्याच्या शेकडा ५५ सरकारने घ्यावयाचे, असा त्याचा हिशेब होता. कागदावर तो निर्दोष दिसला. पण उत्पन्नाचे आकडे ज्यांच्याकडून यावयाचे, ते हाताखालचे कारकून लाचेने बाटलेले निघाले, आणि त्यातच धान्याचे भाव कोसळले. १८३० च्या सुमारास ही आकारणी अमलात आली आणि थोड्याच वर्षांत इंदापूरसारख्या तालुक्यांतून रयत शेते ओस टाकून शेजारच्या निजामी मुलखात निघून जाऊ लागली. सिद्धान्ताचा अभिमान बाळगणाऱ्या राज्यकर्त्याने प्रत्यक्ष बांधावर जाऊन पाहिले नाही, म्हणजे किती निरपराध घरांच्या चुली विझतात, ह्याचे इतके स्पष्ट उदाहरण आपल्या प्रांताच्या इतिहासात मला दुसरे आढळत नाही.

१८३५ साली गोल्डस्मिडला ही दुर्दशा पाहण्यासाठी इंदापुरास पाठविण्यात आले आणि पुढच्या वर्षी विंगेट त्याच्या जोडीला आला. इंदापूर आणि करमाळे ह्यांच्यामध्ये अंतर आहे ते केवळ भीमेच्या पात्राचे. तेव्हा तेथे जे ठरले, ते अलीकडच्या तीरावर येण्यास फार काळ लागला नाही. १८३८ साली नगरच्या कलेक्टरीखाली सोलापूरचा जो उपविभाग निर्माण झाला, त्यात करमाळे, माढे, मोहोळ, बार्शी हे तालुके आले, आणि ह्या सर्व टापूत नव्या मोजणीचे शंकू आणि साखळी फिरू लागली.

ह्या दोघांनी निव्वळ उत्पन्नाचा शोध सोडूनच दिला, आणि त्यांच्या बुद्धीचे खरे मोठेपण मला त्यातच दिसते. साखळी ३३ फुटांची आणि सोळा आण्यांत विभागलेली. एक साखळी लांब व एक साखळी रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट क्षेत्र, तो गुंठा, आणि अशा ४० गुंठ्यांचा एकर. एका बैलजोडीच्या आवाक्यात येईल एवढ्या शेताचा एक नंबर करावयाचा, म्हणून हलक्या माळावर नंबर मोठा आणि भारी काळीत लहान. मग शेताचे चौकोनी भाग कल्पून प्रत्येकात खणून माती पाहावयाची. पावणेदोन हात खोल, एकजीव काळी लागली तर सोळा आणे. खोली कमी होत जाईल तसे चौदा, बारा, दहा, आठ असे उतरत शेवटी बरड मुरमाला दोन आणे, अशा नऊ प्रती. मातीत चुनखड असली, करल असली, उपळ फुटत असली, उतारावरून पाणी माती वाहून नेत असले, तर त्या त्या दोषाची खूण करून प्रत खाली आणावयाची. हवामान, पूर्वीची वसुली आणि बाजारपेठेचे अंतर पाहून गावांच्या एकेका समूहासाठी कमाल दर ठरवावयाचा, आणि आण्यांच्या प्रमाणात तो प्रत्येक नंबरावर बसवावयाचा. कोणाचेही घर किती खाते, हे विचारण्याची गरजच उरली नाही.

हा आकार तीस वर्षांसाठी कायम झाला. रयतेने विहीर खोदली, ताल घातली, तरी त्या सुधारणेबद्दल सारा वाढणार नाही. शेत नको असल्यास राजीनामा द्यावा, हवे असल्यास सारा भरून निर्वेध खावे, ही शाश्वती तिला मिळाली. मिरासदार आणि उपरी हा जुना भेद हळूहळू गळून पडला. गोल्डस्मिड, विंगेट आणि त्यांचा सहकारी डेव्हिडसन ह्या तिघांनी १८४७ साली आपल्या संयुक्त अहवालात ही पद्धत शब्दबद्ध केली, आणि पुढे वऱ्हाडापासून म्हैसुरापर्यंत तीच आदर्श मानली गेली.

तथापि मातीची पारख इतक्या सूक्ष्मतेने करणाऱ्या ह्या पद्धतीने आकाशाचा विचार फारच थोडा केला होता. करमाळ्यासारख्या अवर्षणाच्या तालुक्यात मातीची प्रत कायम असते, पाऊस नसतो. आणि सारा मात्र सुकाळ असो वा दुष्काळ, रोख नाण्यात ठरल्या हप्त्याला भरावयाचा. हप्ता भरण्यासाठी सावकार आला, आणि ज्या जमिनीची मालकी निर्वेध झाली होती, ती गहाण टाकण्याजोगीही झाली. ही गोष्ट सर्वांत आधी ओळखली ती स्वतः विंगेटनेच. दिवाणी न्यायालयांच्या हुकूमनाम्यांनी रयत सावकाराच्या हाती कशी जात आहे, हे त्याने १८५२ साली सरकारला स्पष्टपणे कळविले. १८५९ साली तर, इंग्लंडने हिंदुस्थानवर लादलेल्या खर्चाच्या बोजाविरुद्ध त्याने एक पुस्तिकाच प्रसिद्ध केली, आणि दादाभाई नवरोजींनी तिचा आधार पुढे वारंवार घेतला. आपल्या हातून उभ्या राहिलेल्या व्यवस्थेची दुसरी बाजू सांगण्याचे हे धैर्य मला त्या सोळा आण्यांच्या प्रतबंदीइतकेच आदरणीय वाटते.

परंतु त्याचा इशारा कोणी मनावर घेतला नाही. इंदापूरची तीस वर्षे १८६७ साली संपली, तेव्हा अमेरिकेतल्या यादवीने चढलेल्या कापसाच्या भावांची धुंदी अजून ओसरत होती, आणि त्या भरात फेरआकारणीने सारा भरमसाट वाढविला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने रयतेची कैफियत मांडली. पण १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सावकारांच्या खातेवह्या आणि गहाणखते जळाली, आणि तो वणवा करमाळ्याला लागून असलेल्या कर्जत तालुक्यापर्यंत पोचला. पुढल्याच वर्षी महादुष्काळ पडला. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर ह्या चार जिल्ह्यांना लागू झाला, तेव्हा करमाळे सोलापूर जिल्ह्यात असल्याने त्यालाही तो मिळाला. विंगेटने ज्या हुकूमनाम्यांकडे बोट दाखविले होते, त्यांच्यामागील व्यवहार तपासून पाहण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळण्यास सत्तावीस वर्षे लागली होती.

पुढे भीमेवर उजनीचे धरण झाल्यावर काठची कितीतरी उत्तम काळी पाण्याखाली गेली. जी राहिली, तिच्या सातबाऱ्यावर आजही क्षेत्राशेजारी रुपये-पैशांत आकाराचा रकाना असतो. भावकीत वाटणीचा तंटा निघाला किंवा बांध सरकल्याची तक्रार आली, म्हणजे भूमापन कचेरीतला मोजणीदार जुना नकाशा उलगडतो, आणि हद्दीचा दगड कोठे असावयास हवा, ते त्या जुन्या मोजणीवरूनच ठरवू लागतो.